प्रतिस्पर्ध्याचे ऋण : फड, जलसा आणि मुकाबला

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांना शाहीर एकेकटा उभा करण्याची सवय आहे. एक नाव, एक गाव, एक जन्मसाल आणि खाली निवडक कवने. ही सवय प्रस्थापितांची. परंतु आमच्या अभ्यासकांनीही ती जशीच्या तशी उचलली आहे. वामनदादांवर प्रबंध होतो, अण्णा भाऊंवर दहा होतात, विठ्ठल उमपांवर गौरवग्रंथ निघतो. हे काम आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो निराळ्या गोष्टीचा. ज्या कलावंतांची उभी हयात समोरच्या पार्टीला उत्तर देण्यात गेली, त्यांचा इतिहास समोरची पार्टी वगळून कसा लिहिता येईल?

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. १९७५ नंतरची दहा-बारा वर्षे ते एका कव्वाली पार्टीत कोरसला होते. टाळी आणि वरचा सूर, एवढेच त्यांचे काम. त्यांची एक वही घरी आहे. मी प्राध्यापक झाल्यावर, ‘आपल्या लोकांचे वाङ्मय’ म्हणून ती मोठ्या अभिमानाने उघडली, तेव्हा ध्यानात आले की वहीतली निम्मी गाणी त्यांच्या पार्टीची नाहीतच. ज्या पार्टीशी रात्रभर झुंज दिली, तिचीच गाणी पहाटे आठवून आठवून उतरवलेली आहेत. खाली पेन्सिलीने शेरा : ‘चाल समोरच्यांची’. वडिलांना विचारले, तर ते हसले. म्हणाले, “आपली तर पाठच होती. लिहायची ती दुसऱ्याची.”

या उत्तरात एका मोठ्या परंपरेची रीत दडलेली आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणीचे जे फड गाजले, ते जोडीजोडीने गाजले. होनाजी जातीने गवळी. त्याची कवने गाणारा बाळा करंजकर शिंपी. त्यांच्या समोर उभा राहिलेला सगनभाऊ मुसलमान, हत्यारांना धार लावणारा शिकलगार. परशराम सिन्नरकडचा शिंपी. शास्त्रीपंडितांच्या पाठशाळेची दारे या जातींना बंद होती. मग छंद, पुराणातली कूटे, सृष्टीच्या उत्पत्तीचे वाद हे सारे यांनी कुठे शिकले? फडावर शिकले. भेदिकाचा सवाल आला की जवाब द्यावाच लागे, आणि ज्या चालीत सवाल आला तीच चाल धरून जवाब देण्यात खरी मर्दुमकी मानली जाई. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाल कंठात उतरल्याशिवाय त्याला हरवताच येत नसे. गुरू परवडत नव्हता त्यांचा गुरू समोरच्या डफावर बसलेला होता, आणि तो फुकट शिकवत होता.

या फडांवर ढोलकी, हलगी आणि पायातले चाळ बहुधा अस्पृश्यांचे असत. कवनाखाली नाव मात्र क्वचितच त्यांचे. हा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

कलगी आणि तुरा या दोन पक्षांचा मूळ झगडा कशावरून होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानीत, कलगीवाले शक्तीला. बाई मोठी की पुरुष मोठा, यावर दोन पुरुष रात्र रात्र भांडत आणि बाईला त्यात बोलायची सोय नसे. हा झगडा पुढे कुठे जाऊन निघाला ते पाहूच.

१८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे त्याच्या प्रचाराचे जलसे उभे राहिले. ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव त्यांच्या आरंभाशी जोडले जाते. हे जलसे कोणाचे प्रतिस्पर्धी होते? एका बाजूला कीर्तनाचे, दुसऱ्या बाजूला तमाशाचे. परंतु त्यांनी दोघांचीही हत्यारे घेतली. गण ठेवला, पण त्यातला गणपती बदलला. गौळण ठेवली, पण कृष्णाच्या खोड्यांऐवजी भटभिक्षुकांची फजिती आली. खेड्यातला माणूस ज्या ठेक्यावर मान डोलावतो तो ठेका सोडून सुधारणेचे व्याख्यान ऐकायला येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आंबेडकरी जलसा यातूनच निघाला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्यानंतरच्या दशकात भीमराव कर्डकांचे नाव जिल्ह्याबाहेर गेले. त्यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली निघाले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी ते मिळवून वाचावे. पडद्यामागची इतकी माहिती दुसरीकडे नाही. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावावर सांगितले जातात.

जलशाचा खरा प्रतिस्पर्धी होता तमाशा, आणि तमाशात उभी होती आपलीच माणसे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते ब्राह्मण, आणि त्यांच्या फडाची शोभा ठरलेली पवळा महार कुटुंबात जन्मलेली. बापूरावांनी जात सोडली याचे कौतुक मराठी समीक्षेने पोटभर केले. पवळेने काय सोडले, तिच्या हाती काय राहिले, हे विचारण्याची गरज तिला भासली नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या (१९२७) काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही हकीकत आंबेडकरी चळवळीत वारंवार सांगितली गेली आहे. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा आम्हाला नको, हा त्या नकाराचा अर्थ.

जलशाने तो अर्थ तंतोतंत पाळला. ढोलकी घेतली, तुणतुणे घेतले, बतावणी घेतली, सोंगाड्याची हजरजबाबी घेतली. फक्त नाची काढून टाकली. शृंगाराची लावणी गेली, आणि बाईची कामे पुरुष लुगडे नेसून करू लागले. त्या काळात हे करणे भाग होते, यात मला संशय नाही. गावकीच्या आणि पाटलाच्या नजरेतून आपल्या लेकीबाळी सोडवायच्या, तर आधी मंचावरून खाली उतरवणे प्राप्त होते. परंतु परिणाम असा झाला की तमाशात ज्या बायकांच्या गळ्यात पिढ्यांची विद्या होती, त्यांना जलशाने जागा दिली नाही. प्रतिस्पर्ध्याची सारी विद्या घेतली. ती विद्या जिच्या गळ्यात होती ती मात्र दारातच राहिली. आमच्या चळवळीच्या इतिहासात हे वाक्य अवघड जाते, म्हणून सहसा लिहिले जात नाही.

मुंबईच्या गिरणगावात आणखी एक फड उभा होता, तो लाल बावट्याचा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे कलापथक १९४४ साली निघाले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले. नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात ते तयार झाले होते. निळा आणि लाल यांचे राजकारणात जमत नव्हते हे सर्वश्रुत आहे. पण चाळीच्या पटांगणात ऐकणारी माणसे तीच होती. आज जलसा ऐकला, उद्या कलापथक. दोघांनाही गणातला गणपती नको होता, दोघांनाही मावशी आणि सोंगाड्या हवे होते. कोणी कोणाकडून काय उचलले याचा कागद सापडणार नाही. एवढे मात्र छापील आहे की ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. पुढाऱ्यांना जे साधले नाही, ते फडावरच्या माणसांत आधीच मुरत होते.

यानंतर प्रतिस्पर्धी बदलला. आता तो माणूस नव्हता, लाऊडस्पीकर होता. हॉटेलात, इराण्याकडे, लग्नाच्या मांडवात सिनेमाचे गाणे वाजू लागले. वामन तबाजी कर्डक (१५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर) गिरणीत कामाला आलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला तरुण. अक्षरओळख मोठेपणी झालेली. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले ते एका हिंदी सिनेमागीताच्या चालीवर, विडंबन म्हणून. ‘उसनी चाल’ म्हणून नाके मुरडणाऱ्या समीक्षकांना मी एकच विचारतो. नाट्यपदांच्या चाली कुठून आल्या होत्या? पारशी रंगभूमीवरून, कर्नाटकातून, बैठकीच्या लावणीतून आल्या, तेव्हा तुम्ही त्याला संगीत नाटकाचे वैभव म्हणालात. वामनदादांनी तेच केले तर ते विडंबन? सिनेमाच्या भोंग्याला हरवायचे, तर त्याचीच चाल पळवून तिच्यात बाबासाहेब बसवावा लागतो. फडाचा जुनाच कायदा होता हा.

१९५८ साली ‘अल हिलाल’ या चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली देशभर वाजली. मुंबईच्या वस्त्यांत मुसलमान आणि बौद्ध एकाच गल्लीत राहणारे. कव्वालीला नाचणारी लागत नाही. पेटी, ढोलक, बेंजो, चार टाळ्या आणि मोठा आवाज एवढे पुरते. ज्या समाजाने नुकताच धर्म बदलला होता, त्याला हा मंच सोयीचा होता. त्यावर गावकीचा वास नव्हता. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) आई-वडिलांबरोबर गात वाढले आणि पुढे इस्माईल आझादांच्या पार्टीत कोरसला होते. ज्याच्या मागे टाळी वाजवली त्याचाच बाज घेऊन त्यांनी भीमगीताला जो चढा सूर दिला, तो पुढे सगळ्यांनाच गाठावा लागला. विठ्ठल उमपांनी (१९३१–२०१०) कव्वालीच्या मुकाबल्यात नाव कमावले, पण त्यांच्या पोटडीत गोंधळ, भारूड, वासुदेव, पोवाडा असे सारे काही होते. प्रल्हाददादांच्या आवाजाशी आवाजाने झुंजणे व्यर्थ, हे कोणाही शहाण्या गायकाला कळत होते. त्याला निराळेपणाने उत्तर द्यावे लागे. श्रावण यशवंते, कृष्णा शिंदे ही त्याच मंचावरची नावे. हरेंद्र जाधवांसारखे कवी एकाहून अधिक पार्ट्यांना गाणी देत. म्हणजे सवालही त्यांचा आणि जवाबही त्यांचाच, असेही घडत असणार. १४ एप्रिलनंतरचे दोन महिने मुकाबले चालत, दिवस उगवेपर्यंत. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद केला. दहाला संपणारा मुकाबला म्हणजे सवाल टाकून घरी जाणे. पण तो वेगळा विषय.

या मंचावर बाई परत आली. आता नाची म्हणून नाही, तर पार्टीची मालकीण म्हणून. उर्दू कव्वालीत शकीला बानो भोपाली, रशीदा खातून यांनी वाट पाडली होती. युसूफ आझाद आणि रशीदा खातून यांच्या मुकाबल्याच्या रेकॉर्डी घरोघर वाजल्या. आमच्याकडे निशा भगत, सुषमादेवी उभ्या राहिल्या. समोर पुरुषाची पार्टी आणि इकडे ही. पहिला प्रहर बुद्ध-भीमाचा. मध्यरात्र उलटली की सवाल कोणता येई? बाई मोठी की पुरुष मोठा! कलगीतुऱ्याचा तोच झगडा, दीडशे वर्षांनी. फरक एवढाच की या वेळी शक्तीच्या बाजूने बोलायला प्रत्यक्ष बाई होती, आणि ती बोलत होती. टोमणे खात होती, पब्लिकच्या शिट्ट्या झेलत होती, आणि त्याच चालीत दुप्पट परत करत होती. कार्यकर्त्यांना हा ‘मध्यरात्रीनंतरचा भाग’ अश्लील वाटे. काही ठिकाणी कमिटीने तो बंद पाडला. मला वाटते, बंद पाडताना आपण पुन्हा तेच केले, जे जलशाने केले होते. टोमणे थांबवायचे होते. थांबला तिचा जवाब.

कॅसेट आली आणि समोरासमोरची झुंज संपत गेली. कॅसेटमध्ये प्रतिस्पर्धी बसत नाही. भीमगीतांच्या या मोठ्या गायकाला बाजाराने विठ्ठलाच्या गाण्यांनी घरोघर पोचवले, याचा राग आपल्यातल्या अनेकांनी धरला. मला तो राग अर्धाच पटतो. बिदागी देताना घासाघीस करणारे आम्हीच होतो. २००४ सालच्या मे-जून महिन्यांत आधी वामनदादा आणि मागोमाग प्रल्हाददादा गेले. उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले.

वडिलांच्या वहीतले शेवटचे मोठे गाणे एका बाईच्या पार्टीचे आहे. मुकाबला १९८० च्या आसपासचा, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. तिचे सहा जवाब पूर्ण उतरवलेले आहेत. स्वतःच्या पार्टीचे सवाल मात्र एकेका ओळीत आटोपले आहेत. जवाब आमच्या सवालांपेक्षा सरस आहेत, हे कुणालाही वाचून कळेल. वर मथळा आहे : ‘बाईचे जवाब’. नाव नाही. मी वडिलांना विचारले. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि पहिल्या जवाबाची चाल शेवटपर्यंत गुणगुणून दाखवली. नाव त्यांना आठवले नाही.