सहा टिंबांपासून संकेतस्थळापर्यंत

वर्धा नदीच्या कांठीं वसलेलें बल्लारपूर हें एके काळीं गोंड राजांच्या राजधानीचें गांव. नदीवरचा किल्ला त्या वैभवाची साक्ष अद्यापि देतो. पुढें राजधानी चांद्याला गेली, आणि कित्येक शतकांनीं या गांवाचें नांव पुन्हां देशभर झालें तें कागदामुळें. १९४५ सालीं येथें कागद-कारखान्याची कंपनी स्थापन झाली. चांदा जिल्ह्याच्या रानांतला बांबू – गडचिरोली हा तेव्हां निराळा जिल्हा नव्हता, तो १९८२ सालीं झाला – तुकडे करून शिजविला जाई, आणि त्याच्या लगद्याचा गुळगुळीत कागद होऊन शाळांत व छापखान्यांत पोंचे. डोळस विद्यार्थ्याला हा गुळगुळीतपणा म्हणजे कागदाचा मोठा गुण. दृष्टिहीनाच्या बोटांना मात्र छापलेलें पान आणि कोरें पान सारखेंच.

त्या बोटांना वाचतां यावें म्हणून पहिला मोठा प्रयत्न पॅरिसमध्यें झाला. व्हॅलेंटिन हाउई या सद्गृहस्थानें अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठीं तेथें शाळा काढली आणि जाड कागदावर रोमन अक्षरेंच उठावानें छापलीं. हेतु उदात्त होता. पण अक्षराचें वळण डोळ्यांसाठीं घडलेलें, बोटांसाठीं नव्हे. एकेक अक्षर चांचपडत वाचावें लागे, ग्रंथ अवजड होत, आणि अंध मुलाला स्वतःच्या हातानें लिहितां येत नसे तें नसेच. याच शाळेंतल्या लुई ब्रेल नामक मुलानें, शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याच्या टिंबांच्या लिपीवरून स्फूर्ति घेऊन, पंधराव्या वर्षीं, म्हणजे १८२४ च्या सुमारास, सहा टिंबांची आपली लिपि सिद्ध केली. ती १८२९ सालीं छापून प्रसिद्ध झाली. सहा टिंबांच्या निरनिराळ्या मांडणींतून त्रेसष्ट खुणा होतात, आणि प्रत्येक खूण एका बोटाच्या अग्राखालीं मावते.

एवढी सोय असूनहि त्या शाळेनें ही लिपि रीतसर स्वीकारली ती १८५४ सालीं, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं. डोळस शिक्षकांना हाउईची अक्षरें वाचतां येत, हीं टिंबें येत नसत, हें या विलंबाचें एक कारण होतें. शिकणाऱ्याच्या सोयीपेक्षां शिकविणाऱ्याची सोय वरचढ ठरली. हा प्रकार शिक्षणक्षेत्रांत नवा नाहीं, आणि तेथेंच थांबलाहि नाहीं.

मराठी मुलखांत अंधांच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईस, १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं काढलेल्या शाळेपासून धरतात. परंतु हिंदुस्थानांत तेव्हां टिंबांची एक लिपि नव्हती. प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या पद्धती चालत, आणि एका शाळेचें पुस्तक दुसऱ्या शाळेंत निरुपयोगी ठरे. हा घोळ मिटून सर्व भारतीय भाषांसाठीं एक ‘भारती ब्रेल’ ठरली ती १९५१ सालीं. तिचें तत्त्व सुंदर आहे. जो ध्वनि एक, त्याची खूण एक, मग भाषा मराठी असो कीं तामिळ. क ला इंग्रजी के चीच खूण मिळाली. आपल्या ळ चीहि सोय झाली.

याहून सूक्ष्म गोष्ट पहिल्या वेलांटीची. ‘शिक्षक’ हा शब्द लिहितांना वेलांटी श च्या आधीं दिसते, पण उच्चारांत इ येते ती श च्या नंतर. भारती ब्रेलमध्यें आधीं श, मग इ. म्हणजे तिनें नागरीचें रूप सोडलें आणि उच्चार धरला. ही वेलांटी लक्षांत ठेवावी. पुढें ती पुन्हां भेटणार आहे.

१९४८ सालीं नागपूरला नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि पलीकडल्या रानांतल्या दृष्टिहीन माणसालाहि, यंत्र जवळ असल्यास, जगाचें बोलणें कानीं पडूं लागलें. बहिऱ्याला त्याचा उपयोग काय? तर अशीं भाषणें छापणारें मासिक. एकाच मजकुराला दोन दरवाजे ठेवण्याची ही रीत दिसते त्याहून महत्त्वाची आहे. बल्लारपूरहून रेल्वेनें चंद्रपूर, भांदक टाकून पुढें गेलें कीं वरोरा लागतें. तेथें बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि पुढें आनंदवन उभें राहिलें; तेथें कुष्ठरोग्यांच्या आश्रयाबरोबर अंधांची व कर्णबधिरांची शाळाहि झाली. जंगलजिल्ह्यांतल्या मुलाला मुंबई-पुणें न गांठतां टिंबें शिकण्याची वाट अशी उघडली.

मग संगणक आला. १९८९ सालीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. मजकुराचा कोणता भाग मथळा, कोणता परिच्छेद, कोणता दुवा, हें लिहिणाऱ्यानें सांगावें, आणि दिसण्याचा प्रश्न बव्हंशीं वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोडावा, असें तिचें मूळ धोरण होतें. अंधांना याहून अनुकूल कांहीं असूंच शकत नव्हतें. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचणारी ‘स्क्रीन रीडर’ ही आज्ञावली मथळ्यावरून मथळ्यावर उडी घेते, दुवे वेचून दाखविते, आणि जोडलेल्या पट्टीवर टिंबेंहि उठविते. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या दोघा अंध तरुणांनीं ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य देण्यास आरंभ केला, तेव्हां पैशाची अडचणहि पुष्कळ कमी झाली.

परंतु संकेतस्थळें बांधणारांना सजावटीचा मोह पडला. मथळा म्हणून खूण न करतां नुसतीं अक्षरें मोठीं केलीं. शब्दांच्या जागीं शब्दांचें चित्र लावलें. हाउईचीच चूक, दीडदोनशें वर्षांनीं. मराठींत तर ती दुप्पट झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या कार्याशीं निगडित असलेल्या ‘इस्की’ या संकेतांत, आणि १९९१ सालच्या युनिकोडमध्येंहि, अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवितात – आधीं श, मग वेलांटी. ब्रेलचाच न्याय. पण कचेऱ्यांत व छापखान्यांत त्या काळीं चालू होते निराळेच टंक: वर मराठी दिसे, आंत इंग्रजी अक्षरांचे संकेत, आणि वेलांटी दिसते तशी आधींच टंकलेली. डोळस माणसाला फरक कळेना. स्क्रीन रीडर मात्र तें पान उघडून इंग्रजी अक्षरांची व विरामचिन्हांची बाराखडी म्हणूं लागे.

जाळ्याची मानकें ठरविणाऱ्या मंडळानें सुगम्यतेचे पहिले नियम १९९९ सालीं आणि दुसरे २००८ सालीं प्रसिद्ध केले. संकेतस्थळ बांधणारानें शिकावयाचें तें मुख्यतः त्यांत आहे, आणि तें अवघड नाहीं. चित्राला शब्दांत वर्णन जोडणें. अर्जाच्या प्रत्येक रकान्याला नांव देणें. ज्याचा हात थरथरतो त्याला माउसवांचून, नुसत्या कळफलकानें, सारें पान हिंडतां येणें. बोलपटाखालीं शब्द देणें. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमि यांत निदान साडेचारास एक इतकी तफावत असावी, असा नियम आहे. फिकट करड्या अक्षरांची हौस असणारांनीं तो एकदां आपल्या वृद्ध आईला विचारून पाहावा. पान मराठी आहे हेंहि यंत्राला खुणेनें सांगावें लागतें, नाहीं तर तें भलत्याच भाषेच्या उच्चारानें वाचूं शकतें.

भारत सरकारनें आपल्या संकेतस्थळांसाठीं नियमावली २००९ सालीं काढली, आणि दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, आम्लहल्ल्यांत चेहरा व डोळे गमावलेल्यांच्या आणि एका अंध अर्जदाराच्या याचिकांवर निकाल देतांना, अशा सेवांपर्यंत पोंचतां येणें हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. पापण्या मिटून-उघडून ओळख पटवा, असें यंत्र त्यांना सांगत होतें.

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारें दोनशें किलोमीटर. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यानंतर दाखल्यांचे कित्येक अर्ज घरबसल्या करतां येऊं लागले. ज्याला एसटीचा प्रवास सर्वांत कठीण, त्याचीच यानें सर्वांत मोठी सोय व्हावयास हवी होती. परंतु सही-शिक्क्याचा आदेश यंत्राखालीं धरून त्याचें नुसतें छायाचित्र संकेतस्थळावर चढवावयाचें, ही खोड कित्येक कचेऱ्यांची अद्यापि सुटलेली नाहीं. त्या छायाचित्रांत स्क्रीन रीडरला वाचण्याजोगें एकहि अक्षर नसतें. आणि ज्या संगणकावर तो आदेश आधीं शब्दशः टंकलेला असतो, तो बहुधा त्याच कचेरींत, त्याच टेबलावर असतो.