‘गत’ ते ‘गेला’: एका कृदन्ताची कुळकथा

उज्जैनच्या राम घाटावर प्रभू रामाने दशरथाचे श्राद्ध केले अशी श्रद्धा असल्यामुळे क्षिप्रेच्या या काठावर पितृकर्मासाठी लोक येतात, आणि त्या निमित्ताने एकाच व्याकरणरूपाच्या तीन शाखा तेथे कानी पडतात. विधीच्या संस्कृतात सपिंडीकरणापर्यंत मृताला ‘प्रेत’ म्हटले जाते, माळवी बोलणाऱ्याचा माणूस ‘गयो’ असतो, तर मराठी घरातला ‘गेला’ असतो. मराठी या काठी रुजली ती शिंद्यांच्या सत्तेबरोबर. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले आणि 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन हेच शिंद्यांचे मुख्य ठाणे होते.

या तिन्ही रूपांचा मूळपुरुष म्हणजे ‘त’ हा प्रत्यय होय. धातूला तो लावला की घडून गेलेली क्रिया दाखवणारे विशेषण तयार होते: ‘गम्’पासून ‘गत’, ‘कृ’पासून ‘कृत’, आणि ‘जाणे’ या अर्थाच्या ‘इ’ धातूला ‘प्र’ जोडून ‘प्रेत’, म्हणजे पुढे निघून गेलेला. पाणिनीने या प्रत्ययाला ‘क्त’ म्हटले आणि ‘क्तवतु’ या त्याच्या भावंडासह दोघांना ‘निष्ठा’ ही संज्ञा दिली. हाच प्रत्यय भारत-युरोपीय कुळाच्या पश्चिम शाखेत लॅटिनच्या ‘तुस्’ या रूपात आढळतो. त्यातून स्पॅनिशची ‘आब्लादो’ (बोललेले), ‘एस्क्रितो’ (लिहिलेले) ही कृदन्ते, म्हणजे धातूपासून साधलेली विशेषणे, निघाली.

दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘त’ मात्र अनेक भाषांत दुबळा ठरला. स्पॅनिशमध्ये तो मृदू होऊन ‘द’ झाला आणि संस्कृत नाटकांत स्त्रियांच्या तोंडी येणाऱ्या शौरसेनी प्राकृतातही नेमके तेच घडून ‘गत’चे ‘गद’ झाले, तर महाराष्ट्री प्राकृताने तो व्यंजनच गाळून ‘गअ’ एवढेच ठेवले. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या सात भाषांमध्ये उज्जयिनीच्या प्रदेशाची ‘अवन्तिजा’ही आहे, यावरून या नगरीच्या बोलीची स्वतंत्र ओळख किती जुनी आहे हे दिसते.

झिजून उरलेले ‘गअ’ फारच तोकडे असल्याने त्याला आधार देण्याची गरज भासली आणि इथेच शाखा वेगळ्या झाल्या. माळवीच्या पूर्वरूपाने ‘क’ जोडला. ‘गतक’ या रूपातला तो ‘क’ही पुढे लोपला आणि ‘गयो’ उरले. मराठीच्या पूर्वरूपाने मात्र प्राकृतातला ‘इल्ल’ हा, अर्थात फारशी भर न घालणारा, विशेषणांचा प्रत्यय जोडला व ‘गअ’ आणि ‘इल्ल’ यांच्या संयोगातून ‘गेला’ घडले. या ‘ल’चा जुना पुरावा उद्द्योतनसूरीने जालोर येथे शके 700 मध्ये, म्हणजे इ.स. 779 मध्ये, पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या ग्रंथात मिळतो. निरनिराळ्या प्रांतांतील व्यापाऱ्यांच्या बोलींचे नमुने देताना त्याने मरहट्ट्यांच्या तोंडी ‘दिण्णले’, ‘गहियले’ (दिले, घेतले) ही रूपे घातली आहेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेल्या मराठी लेखातील ‘करवियलें’ हे क्रियापदही याच घडणीचे आहे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात या विकासाची शास्त्रशुद्ध मांडणी केली.

विशेषण भूतकाळाच्या जागी बसले, तरी त्याने विशेषणाचा स्वभाव सोडला नाही, आणि मराठी व्याकरणातील एका मोठ्या कोड्याचे उत्तर त्यात आहे. क्रिया अकर्मक किंवा गतीची असेल तर ‘क्त’ कर्त्याचे वर्णन करतो आणि सकर्मक असेल तर कर्माचे. म्हणून ‘सीता गेली’ येथे क्रियापद सीतेच्या लिंगाने चालते, पण ‘रामाने पोथी वाचली’ येथे राम तृतीयेत जाऊन क्रियापद पोथीशी जुळते; हाच कर्मणी प्रयोग. स्पॅनिशनेही ही जुळणी जुन्या काळी पाळली होती; आज ‘आबेर’ या सहायक क्रियापदाबरोबर येणारे कृदन्त एकाच रूपात गोठले आहे, मात्र ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांच्याबरोबर ते अजूनही लिंग-वचनाप्रमाणे बदलते. मराठीने सकर्मक क्रियेतील ही जुळणी आजतागायत टिकवली आहे.

‘गेला’ पूर्णपणे काळवाचक झाला आणि मराठी व्याकरणात ज्याला लाख्यात म्हणतात त्या गटात तो गणला जाऊ लागला, तेव्हा विशेषणाची जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी भाषेने जुन्या ‘ल’वर आणखी एक ‘ल’ चढवला आणि ‘गेलेला माणूस’, ‘केलेले काम’ अशी रूपे सिद्ध केली. म्हणजेच झीज आणि भरपाई हे या कुळाचे आवर्तन आहे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतील मुलांना ‘गयो’ आणि ‘गेला’ यांचे हे नाते शाळेतच समजावून दिले, तर शेजारची माळवी त्यांना परकी न वाटता सख्खी वाटेल आणि मराठीच्या कर्मणी प्रयोगाला अपवाद समजून घोकण्याऐवजी त्यामागचे कारण जाणून तो वापरणे त्यांना सहज साधेल.