कंटेनर (सॉफ्टवेअर) : स्पर्धा व पोर्टेबिलिटी

प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी, सेटिंग असे सगळे एकत्र बांधून इतर प्रोग्रॅमांपासून वेगळा चालवलेला संच म्हणजे कंटेनर. आभासी यंत्रात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते. कंटेनर यजमान यंत्राचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो, म्हणून तो हलका असतो आणि चटकन सुरू होतो. फ्रीबीएसडीचे जेल (2000) व लिनक्सवरील एलएक्ससी (2008) ही त्याची आधीची रूपे. 2013 मध्ये आलेल्या डॉकरने कंटेनरची इमेज, म्हणजे ज्यातून कंटेनर सुरू होतो तो बांधलेला संच, बांधणे आणि वाटणे सोपे केले.

सगळे डॉकर या एकाच कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून कोअरओएस या कंपनीने डिसेंबर 2014 मध्ये रॉकेट हे प्रतिस्पर्धी साधन आणले. इमेजचे दोन परस्परविसंगत प्रकार रूढ होण्याची वेळ आली होती. जून 2015 मध्ये दोन्ही कंपन्या लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आल्या आणि जुलै 2017 मध्ये रनटाइम (कंटेनर चालवणारे साधन) व इमेज यांची सामायिक मानके प्रसिद्ध झाली. रॉकेट पुढे बंद पडले, पण त्याच्या आव्हानामुळे घडलेले मानक टिकले. या स्पर्धेची खरी कमाई हीच. अनेक कंटेनर हाकणाऱ्या साधनांत गूगलने सुरू केलेले कुबरनेटिस सरस ठरले. मे 2022 मध्ये त्याने डॉकरशी जोडणारा आपला दुवा काढून टाकला, तरी डॉकरने बांधलेल्या इमेज कंटेनरडी या दुसऱ्या रनटाइमवर तशाच चालत राहिल्या. मानक खरे उतरल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात अगदी व्यवहाराचा आहे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे व मुंबईत, ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गूगलने 2017 मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. पेमेंटची माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल 2018 चा आदेश आहे. राज्यातल्या राज्यात सेवादार बदलता येतो, ही म्हणूनच मोठी सोय. इमेज सहज हलते. डेटाबेस, साठवण आणि परवानग्यांची व्यवस्था मात्र ज्या त्या क्लाउडला चिकटून राहते. प्रोसेसरचीही अडचण आहे. शिराळ्यातल्या विद्यार्थ्याने एम1 मॅकवर एआरएमसाठी बांधलेली इमेज इंटेलच्या सर्व्हरवर सहसा थेट चालत नाही. ती दोन्ही प्रोसेसरांसाठी बांधावी लागते.

क्लाउडचा करार करण्यापूर्वी आपला डेटा कसा आणि किती खर्चात बाहेर काढता येईल, हे सेवादाराकडून लेखी घ्यावे.