काढणे, भरणे, राखणे: भारतातील दंतोपचारांचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे डोळ्यांसमोर येतात. या टिपणापुरते त्यांत आणखी एक साधन मिळवा: कोणत्याही मध्यमवर्गीय घरातल्या तीन पिढ्यांची तोंडे. आजी रात्री कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवते. वडिलांच्या दाढांत काळपट पडलेली चांदी दिसते. शाळेत जाणाऱ्या नातीच्या दातांना तारा लावलेल्या असतात. आजीच्या तरुणपणी दाढ किडली तर दोनच वाटा होत्या, सोसणे किंवा उपटणे. त्यांच्यामध्ये तिसरी वाट कधी निघाली, कोणी काढली आणि ती कोणापर्यंत पोचली, हे आपल्याला इथे पाहायचे आहे.

सुरुवात फार जुनी आहे. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नवाश्मयुगीन दफनभूमी सापडली. तेथील ९ प्रौढ माणसांच्या मिळून ११ दाढांना कोरलेली छिद्रे आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. छिद्रांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या होत्या, म्हणजे माणूस जिवंत असताना दात कोरला आणि नंतर तो त्याच दाताने जेवलाही. याच वस्तीत मणी बनवणारे कारागीर होते. गारगोटीच्या टोकाचा जो सामता मण्याला भोक पाडत असे, तशाच हत्याराने दातही कोरला असावा. काही दातांना कीड होती, सगळ्यांना नव्हती. त्यामुळे प्रत्येक छिद्र उपचारासाठीच होते असे म्हणता येत नाही. पुढच्या काळातल्या तिथल्याच दफनांत अशी छिद्रे दिसत नाहीत. कसब आले आणि लोपले. दंतवैद्यकाच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडते, म्हणून तो सरळ प्रगतीची चढण म्हणून वाचू नका.

सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांतले ८ दातांचे आणि १५ हिरड्यांचे. दात आंबणे, कीटण साचणे, किडणे, हलणे हे सगळे त्यात वेगवेगळ्या नावांनी येते. किडलेल्या दाताला ‘कृमिदंत’ म्हटले आहे. दातात अळी होते ही समजूत बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सगळीकडे होती. दात काढण्याचे ‘दंतशंकु’ नावाचे शस्त्रही आहे. पण लक्ष द्यावे असे एक वाक्य वेगळेच आहे: वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण रक्तस्राव फार होऊन दृष्टी जाणे, तोंड वाकडे होणे असे अनर्थ ओढवतात. आजही काही घरांत ‘वरचा दात काढला की डोळे जातात’ असे ठामपणे सांगितले जाते. या भीतीचे मूळ इतके जुने आहे. बधिर करण्याची आणि जंतुसंसर्ग रोखण्याची साधने नसलेल्या काळात ती सूचना शहाणपणाची होती; आज तिच्यापायी माणसे पू झालेली दाढ घेऊन महिनोन्‌महिने बसतात.

दात स्वच्छ ठेवण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उणीव नव्हती. कडुनिंब, करंज, बाभूळ यांच्या काड्या, मीठ, राखुंडी. सुश्रुताने दातवणाची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड सांगितली आहे. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने मठांतल्या दातवणाचे बारकाईने वर्णन केले आणि या सवयीमुळे भारतात दातदुखी विरळा आहे असेही लिहून ठेवले. हे प्रमाणपत्र थोडे सावधपणे घ्यावे. दुखणे खरोखर विरळ असते तर वैद्यांना तेवीस रोगांची यादी कशाला करावी लागली असती?

पुढे दोन गोष्टींनी चित्र बदलले. पहिली तंबाखू. पोर्तुगीजांबरोबर आलेली ही वनस्पती भाजून, दळून दातांना लावण्याची चाल पडली: महाराष्ट्रात मशेरी, बिहारात गुल, ओडिशा-छत्तीसगडात गुडाखू. शेतात राबणाऱ्या बायकांनी मशेरी दात घासण्यासाठी धरली आणि तलफेसाठी ठेवली. भूक मारते, हिरड्यांची ठणक थांबवते, म्हणून ती औषध वाटली. हिरड्यांवरचे पांढरे चट्टे आणि तोंडाचा कर्करोग हा तिचा दुसरा चेहरा. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला मात्र कोणताही कायदा गाठू शकला नाही.

दुसरी गोष्ट साखर. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयात जकातीचे संरक्षण मिळाले आणि काही वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या ३० च्या आसपासवरून १०० च्या वर गेली. चहाबरोबर साखर खेड्यातल्या चुलीपर्यंत आली. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. यात दिवसभरात साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त बाधते. पुरणपोळीच्या सणापेक्षा दिवसाचे सहा चहा दातांना महाग पडतात. प्रवरेच्या खोऱ्यात १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्याच परिसरात, लोणीला, ग्रामीण दंत महाविद्यालयही निघाले.

आता ती तिसरी वाट. दात भरायचा तर आधी कीड कोरून काढावी लागते. १८७१ मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी शिलाई यंत्रासारखे पायाने फिरवायचे कोरणीयंत्र पेटंट केले. भरण्यासाठी चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून केलेला लगदा वापरत. आपण ‘चांदी भरली’ म्हणतो ती हीच. पाऱ्याचा वापर घटवण्याच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर ती मागे पडत आहे आणि दाताच्या रंगाचे मिश्रण तिची जागा घेत आहे. कीड आतल्या नसेपर्यंत गेली तर नुसते भरून भागत नाही. नस काढून, मुळांतल्या नळ्या साफ करून त्या बंद कराव्या लागतात, तेच रूट कॅनाल. नळ्या बंद करायला गटापर्चा नावाचा मलायातल्या झाडाचा चीक वापरतात. १८७० मध्ये मुंबईला एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडशी जोडणाऱ्या समुद्री तारेवरचे वेष्टनही याच चिकाचे होते.

हे सगळे सोसायचे तर वेदना थांबायला हवी. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आणि १९४८ पासून लिग्नोकेन ही बधिर करणारी औषधे बाजारात आली. माझ्या मते दात राखण्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. त्याआधी भरणे हे उपटण्यापेक्षा जास्त वेळ दुखणारे काम होते, मग लोक सांडशीलाच पसंती देत यात नवल ते काय?

ही विद्या इथे शिकवायची कोणी? रफीउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि परत येऊन १९२० मध्ये कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. सरकारी अनुदान नव्हते. खर्च भागवायला त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान चालवले. आइस्क्रीम आणि गोड सोड्याच्या नफ्यावर दंत महाविद्यालय चालावे, यातली गंमत त्यांच्याही ध्यानात आली असेलच. इथेच शिकून फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. अहमद यांनी आपली संस्था १९४९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारच्या हवाली केली.

पण पदवीधर मूठभर आणि दुखणाऱ्या दाढा कोट्यवधी. ही पोकळी भरली ती जत्रेत दात उपटणाऱ्यांनी, न्हाव्यांनी, कलकत्ता-मुंबईतल्या चिनी दंतवैद्यांनी आणि फुटपाथवर चटई पसरून कवळ्या मांडणाऱ्यांनी. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याला यांचे काय करायचे हा प्रश्न पडला. तोडगा नोंदवहीत सापडतो. तिचे दोन भाग केले: ‘अ’ मध्ये पदवीधर, ‘ब’ मध्ये पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरलेले. म्हणजे कायद्याने अनुभवी माणसाला एकवार आत घेतले आणि मागून दार लावून घेतले. त्यांच्या मुलांनी बापाकडून कसब शिकले, पण नोंद मिळवता आली नाही. त्यांतले कित्येक ‘भोंदू’ या एका शब्दात जमा झाले. न उकळलेल्या हत्यारांनी कावीळ पसरते आणि शेजारच्या दातांना ॲक्रिलिकने चिकटवलेला खोटा दात हिरडी सडवतो, हे खरेच आहे. तरी गिऱ्हाईक त्यांच्याकडे का जाते, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला.

पाण्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. पाण्यातले थोडे फ्लोराइड दाताचे कवच बळकट करते. म्हणून १९४५ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने ते नळाच्या पाण्यात मिसळायला घेतले. त्याआधी आठ वर्षे, १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून उलटी बातमी आली होती: विहिरींत फ्लोराइड इतके जास्त की दातांवर तपकिरी डाग पडत आणि हाडे आखडून जात. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुन्याने असे पाणी निवळण्याची पद्धत बसवली. ती जिथे वापरली त्या नलगोंडा जिल्ह्याचे नाव तिला मिळाले. तेव्हा ‘फ्लोराइडची पेस्ट चांगली की वाईट’ असे कोणी विचारले तर आधी गावचे पाणी कुठले ते विचारा. एरवी मोठ्यांना आणि मुलांना ती उपयोगी आहे. तान्ह्यांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन वर्षांपुढे वाटाण्याएवढी पुरे.

दुधाच्या दातांकडे आपण सर्वाधिक दुर्लक्ष केले. ‘पडणारच आहेत’ म्हणून किडू दिले. प्रत्यक्षात दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालून येणाऱ्या दाढेची जागा धरून ठेवतात. त्या लवकर गेल्या की पुढचे दात दाटीवाटीने, वेडेवाकडे येतात आणि तारांचा खर्च उभा राहतो. २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना कीड आढळली. २०१४ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू आहे. बारीक कीड एका बैठकीत भरून होते. तीच वर्षभर राहिली तर रूट कॅनाल, वर कॅप, तीन-चार फेऱ्या आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडते. रोजंदारीवरचा माणूस हा हिशेब खुर्चीत बसण्याआधीच करतो आणि डॉक्टरांना सांगतो, ‘काढूनच टाका.’