पडद्यावरून खेळात

गाजलेल्या चित्रपटावर व्हिडिओ गेम बेतण्याची रीत अमेरिकेत जुनी. 'ई. टी.'वर १९८२मध्ये अटारी कंपनीने अवघ्या पाच-सहा आठवड्यांत उरकलेल्या खेळाच्या न खपलेल्या प्रती पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील कचराभूमीत पुरल्या गेल्या. २०१४मध्ये त्या चक्क उत्खनन करून काढल्या!

आपल्याकडे 'गजनी'वर (२००८) हैदराबादेत संगणकावरील खेळ तयार झाला. २०११मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'रा.वन' आणला, तोही 'प्लेस्टेशन टू'वर. हे यंत्र २००० सालचे. पाश्चात्त्य घरांतून ते अडगळीत जात असता आपल्या मध्यमवर्गाने, स्वस्त झाले म्हणून, ते उशिरा जवळ केले. 'डॉन टू'चा खेळ तर निघाला २०१३मध्ये, यंत्राचे उत्पादन थांबल्याची वार्ता आली त्याच वर्षी.

चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. छापील ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात देण्याचा कायदा १९५४चा. या तबकड्या मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. मोडी दप्तरे रद्दीत गेली म्हणून हळहळणाऱ्या आपल्या भोपाळकर घरांनी नातवंडांचे कपाट आवरताना एवढे ध्यानी घ्यावे. अर्थात तबकडी राखली तरी ती चालवणारे यंत्रही राखावे लागेल. नवे आता कारखान्यातून येत नाही.