धोब्याची खूण आणि पॉयझन आयव्ही

आजचा भाग खाजेवर आहे. हसू नका, यात दुसरं महायुद्ध आहे, जपान आहे आणि आपला बिब्बा पण आहे.

भारतात तेव्हा हजारो अमेरिकन सैनिक होते. त्यांचे कपडे इथले धोबी धुवायचे. आता शेकडो खाकी शर्ट एकसारखेच, मग कुठला कुणाचा हे कळणार कसं? म्हणून धोबी कॉलरच्या आत किंवा कमरेपाशी काळ्या शाईने बारीकशी खूण करायचे. ही शाई कितीही धुवा, जात नाही. पण काही सैनिकांना नेमकी तिथेच, मानेमागे आणि कमरेवर, लाल पुरळ उठायला लागली. वर पाणी भरलेले फोड आणि झोप उडवणारी खाज. 1943 साली लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. आजाराचं नावच पडलं ‘धोबी मार्क डर्मटायटिस’. औषध लावून भागणार नव्हतं, कारण दुखणं शर्टात होतं.

शाई कशाची? बिब्ब्याची. आपण ‘मध्येच बिब्बा घालू नकोस’ म्हणतो ना, तोच बिब्बा. अंगावर उठला की घरातले म्हणतात, ‘बिब्बा उतला’.

आता खरी गंमत. बिब्बा, काजू, आंबा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली झाडं. पॉयझन आयव्ही म्हणजे तीन-तीन पानांची वेल. कुंपणावर, झाडावर, पायवाटेच्या कडेला, कुठेही वाढते. कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रजाने 1624 च्या पुस्तकात तिचं वर्णन केलंय: नुसता हात लागला तरी लाली, खाज आणि फोड. म्हणजे त्रास 400 वर्षांपूर्वीच नोंदवला गेला होता, पण कारण कळायला विसावं शतक उजाडलं.

आणि ते कळलं जपानमधून. तिथे लाकडी वाट्या, डबे चकचकीत करायला एका झाडाचा चीक वापरतात. त्याला म्हणतात ‘उरुशी’. नवशिक्या कारागिरांचे हात या चिकाने सुजायचे. रिको माजिमा या रसायनशास्त्रज्ञाने 1922 पर्यंत त्यातल्या तेलकट द्रव्याची रचना उलगडली. त्याचं नाव ‘उरुशिओल’. पुढे कळलं की पॉयझन आयव्हीतलं द्रव्यही त्याच जातीचं. बिब्ब्यातलं तर सख्खं भावंडच. म्हणून एकाची अॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. पॉयझन आयव्ही कधीतरी लागलेला अमेरिकन सैनिक इथे आला, तेव्हा त्याच्या शरीराला बिब्बा अनोळखी नव्हताच!

हे विष नाही, अॅलर्जी आहे. कोडच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या वेळी शरीर फक्त लॉग लिहितं. दुसऱ्या वेळी अलार्म वाजवतं, तोही उशिरा. पुरळ साधारण 12 ते 48 तासांनी येते. तोवर आपण कशाला हात लावला होता हेच विसरलेलो असतो.

म्हणून अमेरिकेत ट्रेकला जाणाऱ्यांनी आणि आपल्या मुलांना मागच्या अंगणात खेळायला सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तेल लागल्याचा संशय आला की लगेच, शक्यतो 10-15 मिनिटांत, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. एकदा ते कातडीत मुरलं की धुण्याचा उपयोग कमी होत जातो. कपडे, बूट, खुरपं, कुत्र्याचे केस, सगळं धुवा. तेल वस्तूंवर खूप दिवस टिकतं, धोब्याच्या खुणेसारखंच.

पुरळ उठलीच तर गार पाण्याच्या घड्या आणि कॅलामाइन लोशन लावा. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. चेहरा, डोळे, नाजूक जागा किंवा अंगाचा मोठा भाग सुजला तर डॉक्टर गाठा. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, पुरळ परत उसळते.

फोडातल्या पाण्याने मात्र ती पसरत नाही, त्यामुळे घरातल्या माणसाला वाळीत टाकू नका. आणि ही वेल कधीही जाळू नका. तेल धुरासोबत छातीत गेलं तर जिवावर बेतू शकतं.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतात, ती बिब्ब्याच्या आतली बी. विदर्भ-मराठवाड्यात बायका बिब्बे फोडून ती काढतात आणि तेल उडून त्यांचे हात भाजतात, काळे पडतात. कोकणात काजू फोडणाऱ्यांचीही तीच कथा. सैनिकाच्या मानेवर रुपयाएवढी पुरळ उठली तर त्यावर शोधनिबंध झाला. या बायकांच्या हातावर ती वर्षानुवर्षं उठतेय. शास्त्राला कारण कधीच कळलंय, गरज आहे ती धड हातमोज्यांची आणि ते परवडतील एवढ्या मजुरीची. पुढच्या वेळी लाडू खाताना एवढं आठवा. भेटू पुढच्या भागात!