खंजिरी, भजन आणि तुरुंग: तुकडोजी महाराज गायक म्हणून कसे होते?

नागपूर विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः भजनं लिहायचे आणि स्वतःच गायचे. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावापासून आडवळणाच्या खेड्यांपर्यंत, विदर्भातली भजनी मंडळं त्यांची भजनं आजही गातात.

सुरुवात कशी झाली?
जन्म 30 एप्रिल 1909, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत. मूळ नाव माणिक. शाळा लवकरच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिलं. पुढे भजनाच्या शेवटी तीच नाममुद्रा येऊ लागली: 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास'.

गाण्याची शैली काय होती?
त्यांचं वाद्य खंजिरी: कड्यावर ताणलेलं चामडं आणि बाजूला छोट्या झांजा. शब्द मराठी-हिंदी, रोजच्या बोलण्यातले. धृपद असं की अक्षरओळख नसलेला माणूसही ते ऐकून उचलायचा. देवाच्या नावासोबत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यता निवारण हे विषयही भजनात असायचे. साधारण त्याच काळात अमेरिकेत वुडी गथ्री (1912–1967) गिटार घेऊन कष्टकऱ्यांची गाणी गात फिरत होते.

भजनामुळे तुरुंग?
हो. 1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं होतं. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर आणि आष्टीत लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले. त्यामागे या भजनांची प्रेरणा असल्याचं मानलं जातं. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. पत्रकावर बंदी घालता येते, छापखान्याला टाळं ठोकता येतं. पाठ झालेलं भजन मात्र जप्त करता येत नाही, आणि सरकारची खरी अडचण तीच होती.

पुढे काय केलं?
स्वातंत्र्यानंतर 'ग्रामगीता' लिहिली: 41 अध्याय, सगळे ओवीबद्ध, विषय गाव कसं उभं करावं. 1955 मध्ये जपानमधल्या विश्वशांती परिषदेतही ते गेले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्यांचं निधन झालं. पुण्यतिथीला तिथे दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो लोक मौन पाळून त्यांना श्रद्धांजली वाहतात.